अबोल्याचा फोन

वर्धा जिल्ह्यातल्या पुष्कळ शेतकऱ्यांना माझा आवाज ओळखीचा होता, चेहरा नाही. एका संस्थेत मी आवाज द्यायचं काम करत होते. आठवड्यातून दोनदा शेतकऱ्यांच्या मोबाइलवर आमचा फोन जायचा. पाऊस येणार की हूल देणार, कपाशीच्या पऱ्हाटीवर कोणती अळी दिसते आहे, आज फवारावं की थांबावं, एवढं मी वऱ्हाडीत सांगायचे. हवामान यंत्रांवरून यायचं, किडींची खबर शिवारात फिरणारी मुलं मोबाइलवर भरायची, शेतीतज्ज्ञ त्याचा सल्ला तयार करायचे आणि तो कडक इस्त्रीचा सल्ला माझ्या टेबलावर यायचा. मी त्याची इस्त्री मोडायचे. ‘पहाटे दाट धुक्याची शक्यता असून फुलगळ संभवते’ असं आलं की मी म्हणायचे, "दादा, सकाळी धुवारी पडन. तुरीच्या फुलाकडे ध्यान ठेवजा." आमचे सर सुरुवातीला कपाळाला हात लावायचे. पुढे लोक फोन शेवटपर्यंत ऐकायला लागले, तेव्हा त्यांनी तो हात खाली घेतला.

ऑफिस वर्ध्याला लागूनच, सिंदी मेघेत एका घराच्या वरच्या मजल्यावर होतं. रेकॉर्डिंगची खोली म्हणजे मूळची अडगळीची खोली. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींना कापसाच्या गाद्या ठोकलेल्या आणि पंखा बंद. वर्ध्याच्या उन्हाळ्यात त्या खोलीत बसून "नमस्कार शेतकरी दादा अन् ताई" असं हसऱ्या आवाजात म्हणायला काय लागतं, ते मलाच माहीत. निरोप संपला की दोन ओळी ठरलेल्या असायच्या. "हा निरोप पुन्हा ऐकाचा असन तर एक दाबा. काही इचाराचं असन तर दोन दाबा अन् बोला." या दोन ओळी मी इतक्या वेळा म्हटल्या की घरी एकटी भाजी निवडतानाही त्या तोंडात यायच्या.

मी हे काम सुरू केलं तेव्हा माझ्या बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलेलं होतं.

कारण सांगते, म्हणजे पुढचं कळेल. जाम गावातल्या एका घरात माझं लग्न ठरलं होतं. मुलाचे वडील आणि बाबा लहानपणापासूनचे मित्र. बैल घ्यायला दोघं सोबत, कापूस विकायला सोबत, एकमेकांच्या घरी न विचारता जेवायला बसणारे. साखरपुड्यासारखा कुंकवाचा कार्यक्रम झाला, आणि त्याच दिवशी मुलानं माझ्या देखत चार लोकांना सांगितलं की ही आता नोकरी सोडणार आहे. ती या कामाआधीची नोकरी होती, पण मला कुणी विचारलं नव्हतं. मी घरी येऊन म्हटलं, हे लग्न मी करणार नाही. मुलगा वाईट नव्हता. पण मला ते करायचं नव्हतं आणि मी केलं नाही. त्याचा मला पश्चात्ताप तेव्हा झाला नाही आणि आजही नाही. बाबा स्वतः ते सांगायला जामला गेले आणि चहा न घेता परत आले. त्यानंतर त्यांचा मित्र आमच्या घराची पायरी कधी चढला नाही. त्याचं मात्र मला वाईट वाटतं, अजून वाटतं.

बाबा मला रागावले नाहीत. रागावले असते तर भांडून मोकळे झालो असतो. त्यांनी अबोला धरला.

आमच्याकडे अबोला म्हणजे तोंड बंद ठेवणं नव्हे. बोलायचं ते सगळं बोलायचं, फक्त ज्याच्याशी अबोला आहे त्याच्याकडे बघायचं नाही, आणि मध्ये कुणाला तरी उभं करून ते बोलणं त्याच्या अंगावर टाकायचं. आमच्या शेजारच्या दोघी जावा कित्येक वर्षं मांजरीमार्फत भांडत होत्या. त्या मांजरीनं जेवढं ऐकून घेतलं तेवढं त्या घरातल्या पुरुषांनीसुद्धा ऐकलं नसेल. बाबांनी आईला मध्ये उभं केलं. मी ताटावर समोर बसलेली असायचे आणि ते आईला म्हणायचे, "तिले म्हणा, बस सुटन." आई माझ्याकडे वळून म्हणायची, "बाबा म्हणते, बस सुटन."

"ऐकलं मी."

"ऐकलं त मंग उठ."

हेही पुढे आटलं. मी सिंदी मेघेत खोली घेऊन राहायला लागले, तसं मी गावी, अल्लीपूरला आले की बाबा दुपट्टा खांद्यावर टाकून वावरात निघून जायचे. मी येण्याआधी घरात असायचे, मी गेल्यावर घरात यायचे. आईमार्फत सांगायलासुद्धा ते समोर राहिले नाहीत.

मग एकदा आमच्या संस्थेची मुलं शेतकऱ्यांची नावं नोंदवायला अल्लीपूरला गेली. पाराजवळ टेबल टाकून त्यांनी माझाच एक जुना निरोप मोबाइलवर मोठ्यानं लावला, की बघा, असा फोन येईल. आईला हे नंतर शेजारणीनं सांगितलं. बाबा तिथून चालले होते, ते थांबले. निरोप पूर्ण होईपर्यंत उभे राहिले. मग टेबलाजवळ गेले आणि आपला नंबर दिला. मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. मी ऑफिसात नव्या नंबरांची यादी बघत होते आणि त्यात तो नंबर दिसला. तो मला पाठ होता. ते सिमकार्ड मीच त्यांना घेऊन दिलं होतं, बोलणं बंद होण्याच्या आधी.

आमच्या कॉम्प्युटरवर दिसायचं की कोणत्या नंबरानं फोन उचलला, किती ऐकला, मध्येच ठेवला की शेवटपर्यंत ऐकला. त्या आठवड्याचा निरोप गुलाबी बोंडअळीचा होता. तो गेल्यावर मी पडद्यासमोर बसून राहिले. बाबांच्या नंबरापुढे ‘पूर्ण ऐकला’ असं आलं. थोड्या वेळानं त्याच्या खाली आलं, ‘पुन्हा ऐकला’. बोंडअळीच्या सापळ्यांत पुन्हा ऐकण्यासारखं काय होतं, ते मला माहीत होतं. सगळ्या शिवाराला माहीत असलेलीच ती माहिती होती.

तेव्हापासून मी जिल्ह्याशी बोलायचे आणि बाबांशी बोलायचे, एकाच तोंडानं. बाबांना शुगर, आणि सकाळी नुसत्या चहावर पाठीवर पंप घेऊन फवारायला जायची सवय. आई सांगून थकली होती. मी एका निरोपात घातलं, "ज्याइले शुगर हाये त्याइनं उपाशीपोटी पंप पाठीवर घेऊ नोका. घरच्याइनं भाकर दिली त खाऊन घेजा. तोंडाले दुपट्टा बांधजा, गळ्यात लटकवून काई फायदा नाई."

सरांनी विचारलं, "हे सल्ल्यात कुठं लिहिलंय?"

मी म्हटलं, "सर, जिल्ह्यात शुगर कोणाला नाही?"

त्यांनी ते जाऊ दिलं. पुढच्या वेळी आई फोनवर म्हणाली, "आजकाल तुया बाबा भाकर खाऊन जाते फवाराले. दुपट्टा बी बांधते. म्या म्हटलं, आज सूर्य कुठून निंगाला? त म्हणे, बाई सांगून राह्यली न फोनवर." मी विचारलं, कोण बाई? आई म्हणाली, "मले काऊन इचारते? तुले माहीत नाई का कोन बाई?"

त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, आईला माहीत होतं. तरी ते मला ‘बाई’च म्हणत राहिले आणि मी त्यांना ‘शेतकरी दादा’ म्हणत राहिले. अबोल्याची रीत आम्ही दोघांनीही पाळली. फक्त मध्ये आईच्या जागी यंत्र आलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते आईपेक्षा बरं होतं, कारण ते स्वतःचं काही मिसळत नव्हतं.

एका पावसाळ्याआधी आम्ही घरच्या धान्याचे निरोप केले. सगळं वावर सोयाबीन आणि कापसाला देऊन आपण दुकानातलं पीठ आणून खातो, तर धुऱ्याकडचा, बांधालगतचा एक पट्टा तरी घरी खायपुरता ज्वारीचा ठेवा, असं ते होतं. बाबांनी पाखरं आणि डुकरांना कंटाळून ज्वारी कधीच सोडली होती. त्या निरोपावर मी जरा जास्तच बोलले. लहानपणी घरच्या ज्वारीची भाकर चुलीवर फुगायची तेव्हा ताटाशी बसून वाट पाहण्यात काय मजा होती, तेही बोलले. सरांनी ते कापलं नाही.

त्या वर्षी ज्वारी निघाल्यावर, दिवाळीच्या तोंडावर, अल्लीपूरच्या एका ओळखीच्या ऑटोवाल्यानं माझ्या दारात ज्वारीचं पोतं उतरवलं. आईला फोन केला तर म्हणाली, "बाबा म्हणते, ज्या बाईनं पेराले सांगतली तिले पाठवाले पाह्यजे." मी पोत्याची शिवण उसवली आणि दोन्ही हात आत घालून बराच वेळ बसले. मला वाटलं, आता फार दिवस राहिले नाहीत. आता बाबा बोलतील.

त्याच आशेनं मी त्या दिवाळीला घरी गेले. आई आणि मी स्वयंपाकघरात करंज्या लाटत होतो. बाबांचा सदरा ओसरीत खुंटीवर होता आणि त्याच्या खिशात फोन वाजला. तो आमचाच फोन होता, मी रेकॉर्ड करून आलेला. बाबांनी फोन घेतला आणि मागे गोठ्यात गेले. स्वयंपाकघराची खिडकी गोठ्याकडे उघडते. तिथून माझाच आवाज आत आला, फुल्ल मोठा केलेला. "दिवाळीच्या घाईत ओला कापूस वेचून घरात भरू नोका." आईचं लाटणं थांबलं. निरोप संपला, मी ‘एक दाबा’ म्हटलं, आणि तो पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

आई म्हणाली, "पाह्य. तू इथं बसून हायेस अन् तुया बाप तिथं तुले ऐकून राह्यला. जाय न तिथं."

मी पिठाच्या हातांनी उठले. गोठ्याच्या दाराशी उभी राहिले. बाबा गव्हाणीच्या कडेवर बसून फोन कानाजवळ धरून मान हलवत होते, ज्या मानेनं ते पूर्वी माझं शाळेतलं पाठांतर ऐकायचे. मी दिसले तशी त्यांनी बटण दाबून माझा आवाज बंद केला. बादली उचलली. दार अरुंद होतं आणि मी दारात होते. ते गाईला म्हणाले, "सरक व, वाट दे." गाय दुसऱ्या टोकाला बांधलेली होती. मी सरकले आणि ते बादली घेऊन बाहेर गेले.

मी त्या दिवशी खूप रडले. आईनं करंज्या एकटीनं तळल्या.

तरीही मला तुटल्यासारखं वाटत नव्हतं, कारण आठवड्यातून दोनदा ‘पूर्ण ऐकला’ येत होतं. माझ्यासाठी ती पत्रं होती म्हणा ना.

नंतर आमच्या कामाला मोठं व्हायचं होतं. एका जिल्ह्यात चाललेलं अनेक जिल्ह्यांत न्यायचं ठरलं. तेवढे निरोप रोजच्या रोज रेकॉर्ड करणं एका बाईच्या घशाला झेपणारं नव्हतं, म्हणून यंत्राचा आवाज आणला. सल्ला लिहून टाकला की यंत्र तो वाचणार आणि लगेच फोन सुटणार. तो आवाज मी ऐकला. बाईचाच होता, स्वच्छ, गोड, आणि कुठल्याही गावचा नसलेला. त्याला ना घाम, ना खोकला. तो ‘धुके’ म्हणत होता, ‘धुवारी’ नाही.

यंत्राला नावं ठेवून मोकळं व्हायला मला आवडलं असतं. पण त्या हिवाळ्यात गारपिटीचा इशारा आला तेव्हा तो गावागावांत झटक्यात पोचला. माझ्या वेळी मी गाद्यांच्या खोलीत जाऊन घसा साफ करेपर्यंत गारा पडून गेल्या असत्या. सोंगून ठेवलेला चना कित्येकांनी ताडपत्रीखाली घातला. त्यांचं वर्षाचं धान्य वाचलं. हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. मला लिहिलेला मजकूर तपासायच्या कामावर बसवलं. पगार तोच होता, खुर्ची पंख्याखाली आली. माझ्याकडे तक्रार करायला काही नव्हतं.

नव्या आवाजाचा पहिला निरोप बाबांनी पूर्ण ऐकला. मला वाटतं, मी मध्येच कुठं तरी येईन म्हणून ते थांबले असतील. दुसरा अर्ध्यावर ठेवला. मग मात्र बहुतेक वेळा तेच, उचलला आणि लगेच ठेवला. उचललाच नसता तर मला एवढं लागलं नसतं. पण ते प्रत्येक वेळी उचलत होते.

मी आईला आडून विचारलं. ती म्हणाली, "फोन येते, कानाले लावते, अन् ठेवून देते. म्या म्हटलं, काऊन हो? त म्हणे, काई नाई." खरं कारण मी आईला सांगितलं नाही. काय सांगणार होते, की तुझ्या पोरीच्या जागी यंत्र बसवलं? आणि बाबाही तिला विचारणार नव्हते. ती बाई कुठं गेली असं घरात विचारणं म्हणजे इतकी वर्षं तिच्याचसाठी फोन ऐकत होतो हे तोंडानं कबूल करणं. ते बाबांच्यानं झालं नसतं. आमच्या दोघांच्या मध्ये आता पुन्हा कुणीच उभं नव्हतं. मी मनाशी म्हटलं, या खेपेला गेले की बाबा वावरात निघाले तरी मागं मागं जाईन आणि धुऱ्यावर उभी राहून सांगेन. गाईला सांगायचं तर गाईला सांगेन.

कापूस वेचणी ऐन भरात असताना आईचा फोन आला. सकाळी ओसरीत चहा घेता घेता बाबांच्या हातातून कप सुटला आणि ते एका अंगावर कलंडले. शेजाऱ्यांनी जीपमध्ये घालून त्यांना वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात आणलं. माझी खोली जवळ, म्हणून मी त्यांच्या आधी पोचले आणि दारातच उभी राहिले. लकवा होता. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा गेली होती. डॉक्टर म्हणाले, त्यांना ऐकू येतं, कळतंही सगळं, बोलणं परत येईल की नाही ते आज सांगता येणार नाही.

मी खाटेशी गेले. आता त्यांना उठून वावरात जाता येत नव्हतं. हा विचार माझ्या मनात आला आणि मला माझीच शरम वाटली.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. सरळ, डोळ्यात. किती वर्षांनी बघितलं. मग त्यांचे ओठ वाकडे हलले आणि घशातून आवाज आला, पण त्यात शब्द नव्हता. पुन्हा आला. आई सवयीनं माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "बाबा म्हणते," आणि थांबली. पुढचं तिला सांगता येईना. तिनं पदर तोंडाला लावला. इतकी वर्षं त्यांचं बोलणं माझ्यापर्यंत आणणारी माझी आई, ती त्या दिवशी रिकाम्या हातानं उभी होती.

बाबा घरी गेले, मी काही दिवस राहून परत कामावर आले. त्या आठवड्यात सरांनी माझ्यासमोर एक काम ठेवलं. शेतकरी ‘दोन’ दाबून जे प्रश्न विचारायचे, ते पूर्वी मी स्वतः ऐकायचे. नव्या व्यवस्थेत ते यंत्र ऐकायचं आणि लिहून काढायचं. पण यंत्राला वऱ्हाडी धड कळत नव्हती. जे कळलं नाही त्यावर ‘अस्पष्ट’ असा शिक्का मारून ते बाजूला टाकत होतं. ढीग झाला होता. सर म्हणाले, "तुम्हाला त्यांची बोली कळते. बघा जरा, काही महत्त्वाचं राहिलंय का."

मी कानाला लावून एकेक ऐकत होते. सोयाबीनची पानं पिवळी पडली. डुकरांसाठी काय करावं. एकजण नुसताच यंत्राला शिव्या घालत होता, मला बरं वाटलं. मग एक निरोप सुरू झाला आणि आधी बराच वेळ कुणी बोललंच नाही. मागे गाईच्या गळ्यातली घंटी वाजत होती. ती घंटी मी ओळखली.

"नमस्कार. मी अल्लीपूरहून बोलून राह्यलो, शेतकरी. इचाराचं असं होतं का, पयले ज्या बाई बोलत होत्या फोनवर, त्या आता काऊन नाई बोलून राह्यल्या? त्याईची तब्येत बरी हाये ना? थंडीत खोकला राह्यते त्याईले, लहानपनापासून." मग पुन्हा घंटी. "घरी इचारता नाई येत, म्हणून तुमाले इचारलं. त्या तिथं असतीन त त्याईले सांगजा, ज्वारी चांगली भरली यंदा. धुऱ्याची. इकडं समदं बरं हाये. तिच्या मायचे गुडघे दुखते, बाकी काई नाई. तिले म्हणा, घरी येजो. मी नाई जात कुठं. घरीच राह्यतो."

निरोप त्या वर्षीच्या दिवाळीच्या आधीचा होता. लकवा नंतरचा.

इतकं स्पष्ट बाबा माझ्याशी आयुष्यात बोलले नव्हते. मी उठले आणि जुन्या रेकॉर्डिंगच्या खोलीत गेले. भिंतींच्या गाद्या तशाच होत्या. दार लावून घेतलं आणि तोंडावर हात न ठेवता रडले. बाहेर कुणाला ऐकू गेलं नाही.

माझं असं झालं की कुणावर ओरडावं तेच कळेना. यंत्र खोटं बोललं नव्हतं, त्याला कळलं नव्हतं एवढंच. सरांनी काही लपवलं नव्हतं. बाबांनी त्यांच्या परीनं विचारलं होतं, योग्य ते बटण दाबून, सांगितल्या रीतीनं, आणि उत्तराची वाट बघितली होती. फोन वाजला की उचलत होते ते त्यासाठीच. मी त्या वेळी पंख्याखाली बसून ‘धुके’ बरोबर लिहिलंय का ते तपासत होते.

मी रजा टाकून अल्लीपूरला गेले. बाबांची खाट ओसरीत होती, रस्ता दिसावा म्हणून. मी आल्याबरोबर त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. आई चुलीकडे होती. मी खाटेच्या कडेवर बसले. तो निरोप मी माझ्या मोबाइलवर घेऊन आले होते. वाटलं होतं, त्यांना ऐकवीन, की बाबा, हे पोचलं. पण बटणावरचं बोट पुढं जाईना. त्यांचा आवाज आता त्यांच्याकडे नव्हता. तो माझ्या खिशातून काढून त्यांच्यासमोर वाजवायचा, हे मला जमलं नाही. मी फोन परत ठेवला.

आमच्याकडे नियम होता की आलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर जायलाच पाहिजे. मी घसा साफ केला आणि माझ्या त्या कामाच्या आवाजात बोलायला लागले. दुसऱ्या आवाजात मला बोलताच आलं नसतं. इतक्या वर्षांत बाबांशी बोलायचा माझ्याजवळ तेवढा एकच आवाज होता.

"नमस्कार शेतकरी दादा. तुमी इचारलं होतं का पयलेच्या बाई काऊन नाई बोलत. त्या बाईची तब्येत बरी हाये. खोकला हाये थोडा, तो राह्यतेच. तिचं काम आता दुसरं हाये, म्हणून फोनवर तिचा आवाज नाई येत. तुमचा प्रश्न तिच्यापाशी लय उशिरा पोचला, दादा. पोचला तशी ती निंगाली. धुऱ्याची ज्वारी तिनं पाह्यली, चांगली भरली हाये. तुमी सांगतलं तशी ती घरी आली हाये. ती बी आता नाई जात लवकर."

आणि मग, सवयीनं, मी थांबवायच्या आत तोंडातून गेलं, "हा निरोप पुन्हा ऐकाचा असन तर एक दाबा." त्याच्या पुढची ओळही जिभेवर आली होती, काही इचाराचं असन तर दोन दाबा अन् बोला. ती मी गिळली.

बाबांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे गेलं. मग त्यांनी पांघरुणावरचा डावा हात थोडा उचलला आणि एक बोट वर केलं.

आईला वाटलं, पाणी मागताहेत. ती गडवा घेऊन आली. त्यांनी मान हलवून गडवा बाजूला करायला लावला आणि पुन्हा तेच बोट वर केलं, माझ्याकडे बघत.

मी त्यांचा हात माझ्या हातात घेतला. मग पहिल्यापासून सुरुवात केली, "नमस्कार शेतकरी दादा," आणि आई गडवा हातात धरून तिथंच उभी राहिली.